नंबरप्लेट बघून पाहुणचार

चालू सिग्नललाही कोल्हापुरात कोणी फारसं जुमानत नव्हतं त्या काळात बंद सिग्नलपुढे अदबीने उभा राहणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो माझ्या नशिबात थोरला साडू म्हणून लिहिलेला होता. राहायला गडमुडशिंगीला. जीप म्हातारी, पण ब्रेक नव्या जावयासारखे जपलेले. दिवे गेले की बाकीचे मोकाट सुटत. साडू मात्र जीप पूर्ण थांबवत, न्यूट्रलला टाकत, चारी रस्ते नीट बघत आणि मग खाली उतरून नंबरप्लेटी वाचत एकेक गाडी हाताने सोडायला लागत. दिवे गेलेला चौक म्हणजे त्यांच्या लेखी घरची पंगत. आधी पाहुणे, मग घरचे. केए म्हणजे कर्नाटकातले, त्यांचा मान पहिला. मग रत्नागिरी, सांगली. एमएच शून्य नऊ म्हणजे आपलेच, ते शेवटी. मला ते एरवी ‘पावणं’ म्हणत, पण माझ्या स्कूटरवर शून्य नऊ दिसलं की तळहात दाखवून थांबवत. एका सातारकराला तर त्यांनी इतक्या आग्रहाने पुढे घातलं, की उजवीकडे वळायचं असूनही तो बिचारा भिडेपोटी सरळ निघून गेला.

त्यांच्या मुलीचा बारावीचा फिजिक्सचा पेपर होता त्या सकाळी आम्ही तिघं जीपमधून निघालो, आणि स्टँडजवळच्या चौकात सिग्नल बंद. साडू खाली उतरले. त्यात जोतिबाला निघालेल्या कर्नाटकातल्या गाड्यांची रांग लागली. साडू एकेकीला हात जोडून पुढे सोडत होते, मागचे शून्य नऊवाले त्यांचा उद्धार करत होते, आणि घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी हाका मारून घसा बसवून घेतला. अकराला गेट बंद होणार होतं, वर्ष जाणार होतं. पोरगी पॅड छातीशी धरून इतकंच म्हणाली, “पप्पा, मी जाऊ?”

साडूंनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग पुढच्या केए तेवीसच्या बससमोर ते आडवेच उभे राहिले.

“पावणं, माफी करा,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “आज घरच्याला आधी सोडतो. लेकीचा पेपर हाय.”

ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. बाकीचे तीन रस्तेही कसे कोण जाणे गप्प झाले. मी स्टिअरिंगवर बसलो आणि भर चौकातून, चारी बाजूंच्या गाड्या थांबलेल्या असताना, आमची खटारा जीप एखाद्या वरातीच्या तोऱ्यात पार झाली. गेटला आम्ही पाच मिनिटं आधी पोचलो. पोरगी डोळे पुसतच आत पळाली.

मी परत आलो तेव्हा चौक मोकळा झाला होता, पण ती बस मात्र कडेला उभी होती. सगळे भाविक खिडक्यांतून माना काढून माझीच वाट बघत होते. ड्रायव्हरने मोडक्या मराठीत विचारलं, “पोरगी पोचली काय?”

मी पोचली म्हणताच बसमध्ये टाळ्या पडल्या. कधी नव्हे ते पाहुण्यांना निरोपाचा हातसुद्धा न करता साडू पाठ फिरवून त्या बंद सिग्नलकडे बघत उभे राहिले.