गार इंजिन

पाहुण्या बाईंनी इंजिन सुरू करायला सांगितलंच नाही. पुढे येऊन त्यांनी त्याच्यावर सरळ तळहात ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा.

"हे तर गरम आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलंत ना?"

कमी इंधन खाणारं हे इंजिन आम्ही या शेडमध्ये कधीपासून बनवतोय, आणि पैसे घालायला आलेले लोक माना हलवून परत जातायत. गार असताना ते कधीकधी रुसतं. म्हणून पाहुणे यायच्या आधी त्याला तासभर चालवून ठेवायची आमची रीतच पडली होती. त्यात लबाडी आहे असं मला कधी वाटलं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतोच की आपण!

पण तो हात बघून मी वरमलो. आधीच्या सगळ्यांनी नुसते कागद चाळले होते. संशय घ्यायला इतक्या जवळ कुणी आलंच नव्हतं. आणि इंजिनावर भरवसा नव्हता तो त्यांच्याआधी आमचाच.

आमचे जुने फिटर सावंतकाका हात पुसत म्हणाले, "बसा बाई. गार होऊ दे. मग तुम्हीच बटण दाबा."

"किती वेळ?"

"तीन तास तरी."

बाईंनी घड्याळ बघितलं आणि पर्स खाली ठेवली. आम्ही सगळे इंजिनाभोवती बसून राहिलो. मधूनच त्या उठून हात लावत, मग काका लावत. शेवटी मीही लावला. थंडगार होतं.

"दाबा," मी म्हणालो.

ते सुरू होणार की रुसणार, हे पाहुण्यांसमोर आज पहिल्यांदाच आम्हालाही ठाऊक नव्हतं.