दुसऱ्या भागातली गलती

विद्यानगरच्या एका दवाखान्यात माझे वडील आयसीयूत होते, तेव्हा बाहेरच्या बाकावर एक माणूस रोज शेजारी असायचा. त्याची बायको आत होती. चष्मा कपाळावर सरकवून तो मोबाईलवर जपानी भुताचा गेम खेळत बसायचा. मला आधी रागच यायचा.

एकदा विचारलं, "गेम कसा आहे?"

"हा दुसरा भाग. म्युझिक एकदम जबरदस्त, दार उघडायच्या आधीच घाम फुटतो. पण एक गलती केली त्यांनी, भाई. पहिल्या भागात सोबतचा माणूस मेला की गेलाच. ह्यात औषध देऊन उठवता येतो. मग भीती कशाची?"

तो स्वतः ते औषध कधीच वापरत नसे. चार दिवस त्याचा एक सोबती तसाच मेलेला होता आणि हा त्याच्याशिवाय लढत होता.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. तो परत आला, सावकाश बसला, चष्मा पुसून पुन्हा कपाळावर चढवला. त्याने गेम उघडला आणि त्या मेलेल्या सोबत्याला औषध दिलं.