अंजना टर्नर

पहाटे चारला चामटोलीत अंजनाचा दिवस सुरू होई. पाणी, भाकऱ्या, सासूचं औषधपाणी उरकून ती बदलापूर स्टेशन गाठे आणि आठच्या भोंग्याला अंबरनाथच्या कारखान्यात कानस हातात घेई.

कानसच. आयटीआयतून टर्नर होऊन, म्हणजे लेथ चालवायला शिकून, आलेली ती तिथली एकटी बाई. तिच्याबरोबर लागलेल्या पोरांना लेथ मिळालं. तिला मात्र भोकं पाडून आलेल्या जॉबच्या, म्हणजे लोखंडी तुकड्यांच्या, कडा घासायला बसवलं, ते वर्षानुवर्षं. लेथ मागितलं की फोरमन हिंदुराव म्हणे, "पदर अडकला तर? फास आमच्या गळ्याला." ती शर्ट-पँट घालून काम करायची. त्याला डोळे होते.

घासता घासता तिच्या ध्यानात आलं की भोकं तिरकी पडतात, म्हणून इतका माल भंगारात जातो. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या लेथवर तिने जिग बनवायला घेतली; जॉब घट्ट धरून ड्रिल सरळच उतरवणारा साचा. दोनदा फसली, बोटं सोलली. मग जिग नेमकी बसली. माल वाया जायचा थांबला.

दसऱ्याला मशिनींची पूजा झाली. शेठनी जिगबद्दल घड्याळ दिलं, ते हिंदुरावाला. त्याने ते मनगटावर बांधलं आणि म्हणाला, "अंजना, लेथपुढे रांगोळी काढ. बाईचा हात लागू दे."

"एरवी हाच हात चालत नाही तुम्हाला."

"सणाच्या दिवशी तोंड सांभाळ."

"आम्ही बौद्ध. आमच्यात पूजा नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. जिग कोणी केली, तेही ठाऊक आहे."

शेठनी ऐकलं आणि पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवला. तिची जिग रोज वापरणारे ऑपरेटर खाली बघून पेढे चघळत राहिले.

तिने नोकरी सोडली नाही, पण त्यानंतर कारखान्याला कानशीपलीकडे काही दिलं नाही. ओव्हरटाइमचा पैसा मात्र बाजूला पडत गेला.

त्र्याण्णव साली ती लेथ घ्यायला उल्हासनगरात जुन्या मशिनींच्या दुकानात शिरली.

"चलाएगा कौन, बहन?" सिंधी दुकानदाराने विचारलं.

अंजनाने एका लेथचा चक, जॉब पकडणारा जबडा, हाताने फिरवला, हलवून पाहिला. "मैं. इसमें प्ले है, ढीला है. भाव कम करो."

तो हसला आणि आत ओरडला, "चाय भेजो. टर्नर आयी है."

कारखान्यात तिला हे कोणी कधी म्हटलं नव्हतं.

त्या दसऱ्याला आजूबाजूची सगळी वर्कशॉप झेंडूच्या माळा घालून बंद होती. बदलापुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये अंजनाचं स्वतःचं लेथ दिवसभर चाललं.