चुळबुळ्याचा पहारेकरी

माझा धाकटा भाऊ एका जागी शांत बसलेला मी जन्मात पाहिलेला नाही. जेवताना त्याचा पाय हलतो, टीव्ही बघताना बोटं हलतात आणि झोपेत भुवया. घरात सगळे त्याला चुळबुळ्या म्हणायचे. आता त्याचे केस पिकले तरी माझ्या तोंडात तेच नाव आहे. लहानपणी आम्ही दोघं शाळेला निघालो की हा जिना उतरून परत वर जायचा, दाराचं कुलूप ओढून बघायचा आणि खाली येऊन मला म्हणायचा, "ताई, तू एकदा ओढून येतेस?" मी जात नसे. मग पुन्हा तोच जायचा, आणि उशीर झाला म्हणून बोलणी मी खायची.

अशा माणसाला नोकरी मिळाली तीही त्याच्या दुखण्याला खतपाणी घालणारी. इस्पितळात रोग्यांचे स्कॅन काढतात, त्यांची चित्रं एका मोठ्या कॉम्प्युटरवर साठतात. तो कॉम्प्युटर हा सांभाळतो. चित्रं येत राहतात, डिस्क भरत जाते, मग याला तिथे बसूनच जुनी चित्रं दुसरीकडे हलवून जागा करावी लागते. तो कामावर नवा असताना एकदा डिस्क काठोकाठ भरली आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. एका म्हाताऱ्या बाईंचा स्कॅन झाला, पण साठला नाही. त्यांना पुन्हा त्या मशीनच्या नळीत झोपवावं लागलं. बाई घाबरून रडत होत्या आणि हा त्यांचा हात धरून उभा होता. तेव्हापासून ती डिस्क त्याच्या डोक्यात जी ठाण मांडून बसली, ती उठायचं नाव घेईना.

'डीएफ' अशी दोन अक्षरं टाइप केली की कॉम्प्युटर सांगतो, किती भरलं आणि किती उरलं. हा ती दोन अक्षरं कामावर टाइप करी, घरून टाइप करी, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड असताना फोनवरून टाइप करी. भावजय बिचारी सोशीक. मी नाही.

यात भरडली गेली ती माझी भाची. पोरगी कॉलेजसाठी दूरच्या शहरात गेली, बसने अर्धा दिवस मोडतो. हा तिला हॉस्टेलवर सोडून आला तो शेवटचा. भावजय मध्ये जाऊन आली, म्हणाली, "जरा वाळल्यासारखी वाटते, पण ठीक आहे म्हणते." पोरगी आधी विचारायची, "बाबा, कधी येताय?" याचं उत्तर ठरलेलं. आज जागा कमी आहे, उद्या नवं मशीन येतंय, परवा आणखी काही. मग तिने विचारणं सोडून दिलं. हा तिला दिवसातून कितीदा तरी मेसेज करायचा, "ठीक?" आणि तिचं उत्तर यायचं, "ठीक."

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. हा कामावरून आला की तिथल्या स्टुलावर टेकतो. एकदा मी सुनावलंच. "अरे, तुला मुलगी आहे की नुसती डिस्कच आहे? जा, डोळ्यांनी बघून ये तिला."

"जायचंय गं. पण मी गेलो आणि इकडे भरली तर?"

पोरीला भेटायला त्याचा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं. म्हणून तर जास्त चीड यायची.

शेवटी त्याच्या विभागप्रमुख डॉक्टरबाईच कंटाळल्या. म्हणाल्या, "सारखं बघत बसण्यापेक्षा बघणारी एक स्क्रिप्ट का लिहीत नाही?" मग हा माझ्या इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, पायाखाली कापडाच्या चिंध्या तुडवत स्क्रिप्ट लिहायला बसला. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेली कामं. तो मला वाचून दाखवत होता. डिस्कला विचार, किती टक्के भरलीस? उत्तरातलं टक्क्याचं चिन्ह काढून टाक, नुसता आकडा ठेव. आकडा नव्वदच्या वर गेला तर मला फोनवर मेसेज पाठव. नाहीतर गप्प बस.

"एवढंच?" मी विचारलं. मला वाटलं होतं, काहीतरी अगाध असेल.

"एवढंच." दर तासाला ही स्क्रिप्ट आपली आपण चालेल, अशीही सोय त्याने केली. मी म्हटलं, सुटलो! बसचं तिकीट काढ आता.

कसलं सुटतोय! चार दिवस गेले नसतील, हा पुन्हा स्टुलावर, पाय हलतोय. "ताई, स्क्रिप्ट गप्प आहे."

"मग चांगलंच आहे की."

"पण जागा आहे म्हणून गप्प आहे, की बंद पडलीय म्हणून?"

आधी तो नुसती डिस्क बघायचा. आता डिस्कही बघायचा आणि डिस्क बघणारी स्क्रिप्ट जागी आहे का, तेही बघायचा. मग त्याने 'गप्प बस' खोडलं आणि त्या जागी लिहिलं, "ठीक असं फाइलीत लिहून ठेव." दोन दिवस बरे गेले. पुढे नुसत्या 'ठीक'वरही त्याचा विश्वास बसेना. ठीक, पण कशावरून? म्हणून प्रत्येक 'ठीक'खाली डिस्कवरच्या झाडून सगळ्या फाइलींची यादी उतरवायला सांगितली. पुरावा हवा ना! पोरीचंही तेच चाललं होतं. "ठीक? जेवलीस? ताटाचा फोटो पाठव." ती मुकाट्याने फोटो पाठवायची.

आणि नेमकी तेव्हापासून डिस्क भराभर भरायला लागली. याच्या तोंडचं पाणी पळालं. आधी त्याचा संशय नव्या मशीनवर गेला, मग मशीन चालवणाऱ्या मुलीवर. ती बिचारी कानांवर हात ठेवून मोकळी झाली. याने जुनी चित्रं हलवली, जागा केली, तरी जागा पुन्हा जातच होती. मग स्क्रिप्टला तासाऐवजी पंधरा मिनिटांनी बघायला लावलं. जागा आणखी वेगाने जायला लागली. मग दर मिनिटाला. तो कुणाशी धड बोलेना, घास हातात धरून बसायचा. त्याच्याकडे बघून माझी शिवण वाकडी जायला लागली.

तरी मी हट्टाने तिकिटं काढली, दोन, कारण याला एकट्याला पाठवलं तर हा वाटेतून परत येईल याची मला खात्री होती. भावजय शिकवते त्या शाळेत परीक्षा होत्या, तिला निघता येत नव्हतं. निघण्याच्या आदल्या दिवशी याने ढीगभर चित्रं हलवून भरपूर जागा करून ठेवली. पोरीसाठी शिवलेला निळा कोट मी पिशवीत घातला. पोरीला कळवलं, दुपारपर्यंत पोचतो, स्टँडवर ये. बस शहराबाहेर पडून बरीच पुढे गेली, मी जरा डोळे मिटले, आणि याचा फोन वाजला.

"नव्वदच्या वर गेली," तो म्हणाला आणि उभाच राहिला.

"बस खाली!"

"ताई, आत्ता कुणीतरी त्या नळीत असेल."

त्याने बस थांबवायला लावली. मग काय, मीही पिशवी घेऊन उतरले. रस्त्याच्या कडेला उभी राहून जे तोंडाला आलं ते बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने पोरीला फोन लावला. "बाळा, अगं, जरा अडचण आलीय..." पलीकडून एवढंच ऐकू आलं, "ठीक आहे बाबा. पुढच्या वेळी."

"बघ, रागावली नाही," तो म्हणाला. मला काही ते बरं वाटलं नाही.

परतीची बस मिळून इस्पितळात पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं. त्या मोठ्या कॉम्प्युटरच्या खोलीत तो मला सोबत घेऊन गेला. खोली थंडगार, पंख्यांची घरघर. बाहेर बाकावर रोगी खोळंबले होते. हा एकेक फोल्डर किती जागा खातोय ते बघत गेला. चित्रांचे फोल्डर जसे असायला हवे तसेच होते. शेवटी उरला त्याचा स्वतःचा. त्यात एकच फाइल होती, पण अवाढव्य. त्याने ती उघडली. ठीक, खाली लांबलचक यादी. ठीक, पुन्हा तीच यादी. ठीक. पडदा वर सरकत राहिला, संपेचना. मिनिटामिनिटाला लिहिलेल्या 'ठीक'ने सगळी जागा खाऊन टाकली होती.

"अरे, कुंपणानेच शेत खाल्लं की!" मी पोट धरून हसले. तो हसला नाही. त्याने फाइल पुसली, पुन्हा ती दोन अक्षरं टाइप केली. अर्धी डिस्क मोकळी.

डॉक्टरबाई दारातून डोकावल्या. "सापडलं का कोण ते?"

"सापडलं. मीच होतो."

बाई रोग्यांना आत घ्यायला गेल्या. याने स्क्रिप्ट उघडली, यादी काढली, 'ठीक' काढलं आणि पुन्हा 'गप्प बस' लिहिलं. मग खिशातून फोन काढला. मला वाटलं, झाली सुरुवात. पण तो पोरीचे जुने मेसेज वर सरकवत होता. ठीक. ठीक. ताटाचा फोटो. ठीक. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. मघाशी हसले त्याची लाज वाटली.

"ताई, यातलं एक तरी खरं असेल का गं?"

आमची पोरगी तिच्या बापाला पुरती ओळखून आहे. ठीक नाही म्हटलं तर बापाची झोप उडेल, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

त्याने सावकाश टाइप केलं. "बाळा, यापुढे मी ठीक का म्हणून विचारणार नाही. तूही ठीक लिहू नकोस. ठीक नसेल तेव्हाच लिही. काही लिहिलं नाहीस तर मी समजेन, बरं चाललंय."

पाठवलं, फोन टेबलावर ठेवला आणि बसला. त्याचा पाय हलत नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिले. फोन गप्प होता. चुळबुळ माझीच चालली होती. पिशवीचा सुटलेला दोरा मी ओढत होते.

"गप्प आहे," तो म्हणाला.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच पटला नाही.

तेवढ्यात फोन थरथरला. "बाबा, ठीक नाही." आम्ही श्वास घेतो न घेतो तोच दुसरा आला. "आल्यापासूनच नाही." आणि मग तिसरा. "तुमचा फोन आला तेव्हा मी स्टँडवर येऊन बसले होते. अजून इथेच बसलेय."

तो उठला. "तिथेच थांब, मी निघालो," एवढंच त्याने फोनवर सांगितलं. माझ्या हातातली पिशवी घेतली, पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही, दार ओढलं, कुलूप लावलं आणि जिना उतरायला लागला. खालच्या पायरीवर तो थांबेल, मागे वळेल, म्हणून मी वाट बघत होते. तो वळला नाही.

कुलूप मीच एकदा ओढून पाहिलं आणि त्याच्या मागे धावले.