पाणंदीत अडलेली गाडी

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गडमुडशिंगीला एका लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी वाढून घेत होतो. निरोप्या वाकून कानाशी बोलला आणि घास तोंडात तसाच राहिला... तेव्हापासून मला जिलबीची शिसारी येते. घरच्यांच्या मते ती लग्नसराई संपल्यामुळे. पण खरी शिसारी आली ती शोकसभेत. दाजींच्या, म्हणजे आमच्या आक्काच्या यजमानांच्या, फोटोशेजारी खेळ छापणाऱ्या शेठजींनी आपला छापील डबा मांडला आणि फोटोला होता तसाच एक हार त्या डब्यालाही घातला!

दाजी हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर. संस्थान विलीन झालं त्या सुमारास त्यांनी ‘गुऱ्हाळ’ नावाचा खेळ रचायला घेतला. मांजरपाटावर रंगवलेला पट, टाकायला कवड्या, आणि गाड्या म्हणून स्वतःच्या कोटाची बटणं. त्यामुळे शाळेतल्या पोरांना मास्तरांचा कोट कायम उघडाच दिसे. ऊस भरून गुऱ्हाळावर न्यायचा, रिकामी गाडी घेऊन परतायचं, एवढाच खेळ. गंमत सगळी मधल्या पाणंदीत. शेतातली ती चिंचोळी वाट एका गाडीपुरतीच. दोन गाड्या समोरासमोर आल्या की कवड्या खाली ठेवायच्या आणि गाडी मागं कुणी घ्यायची ते तोंडानं ठरवायचं.

चाचणीला पहिला मान माझा. “बापूला कळलं म्हंजे गावाला कळलं,” असं दाजी चारचौघांत सांगत आणि मी छाती फुगवून बसत असे. नियम ते एकदाच सांगत, मग खिडकीपाशी पाठमोरे बसत. काही विचारलं तर म्हणत, “समजवायला मी डब्यातनं घरोघर जाणार हाय व्हय?” स्तुतीचा तर त्यांना भयंकर तिटकारा. मी एकदा ‘छान हाय’ म्हणालो, तर कडू बदाम चावल्यासारखं तोंड केलं. “छान म्हणणारा मला नगं. च्या गार झाल्याला ज्येला कळला न्हाय असा माणूस दाव.” डाव मोडला की ते आमच्याकडे बघतच नसत, आधी कपात बघत.

पहिला डाव संपलाच नाही. पाणंदीत माझी आणि आक्काची गाडी अडली. “माझी भरल्याली हाय, तुझी रिकामी. घे मागं,” आक्का म्हणाली. मी म्हटलं, “मी पावणा हाय.” “मग पावण्यासारखा वाग की!” दिवेलागणीपर्यंत कुणी हटेना. चहा गार झाला, पण दाजी खूश नव्हते. “ह्यो खेळ न्हवं, कोर्ट झालं,” म्हणत त्यांनी पट गुंडाळला आणि बरेच दिवस स्वतःवरच चिडून राहिले. मग नवा नियम आला : जो मागं घेईल, त्याला पुढच्या खेपेला समोरच्यानं वाट सोडायची. तो पारखायला त्यांनी माणसं बोलावली तीही कशी? बांधावरून बोलणं टाकलेले दोन चुलतभाऊ! पाणंदीत दोघांच्या गाड्या अडल्या. शेवटी थोरला बटणाला उद्देशून म्हणाला, “घ्या मागं, फुडच्या टायमाला मी सोडतो.” दाजींनी त्या दिवशी कपात बघितलंसुद्धा नाही.

शेठजींनी खेळ घेतला आणि डबा छापून आला. झाकणावर गुबगुबीत गालांची पोरं. आत पाणंदीचा रुंद रस्ता झालेला, उसात एक साप सोडलेला, आणि गाड्या समोरासमोर आल्या तर ज्याचं दान मोठं तो पुढं! दाजी आणि आक्का एक डाव खेळले, मुकाट. मग दाजी उठले, साबणानं हात धुऊन आले. “ह्यात माणसानं तोंड उघडायचं कामच न्हाय... आपला न्हवं ह्यो.” पुढच्या छपाईत त्यांनी स्वतःचं नाव काढायला लावलं.

आणि शोकसभेत तेच शेठजी रुमालानं डोळे टिपत सांगत होते, “हे बाळ आम्ही दोघांनी मिळून वाढवलं.” मी चांगलं भाषण पाठ करून गेलो होतो, पण तोंड उघडलं तर भलतंच काही बाहेर पडेल म्हणून खाली बसलो. सभा संपल्यावर ते आक्काकडे आले. “वहिनी, नव्या डब्यावर मास्तरांचं नाव आणि फोटो घालू. तुमचा होकार तेवढा हवा.”

आक्कानं विचारलं, “पाणंद हाय का त्यात?”

“अहो, लोकांना घरात वाद नको असतात.”

आक्का उठली. डब्यावरचा हार काढून ठेवला आणि डबा त्यांच्या हातात दिला. “पावणं, ह्यो घिऊन जावा. ह्येला हात लागला तर त्ये साबणानं धुवायचे. त्येंचं नाव लावू नगा.”

परवा आक्काकडे गेलो. खिडकीपाशी पट अजून मांडलेला आहे, दाजींना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळचा. पाणंदीत दाजींचं तपकिरी बटण आणि आक्काचं काळं, नाकाला नाक लावून उभी. आक्का भोवतीनं केर काढते आणि पटावरची धूळ पदरानं टिपते, बटणं न हलवता. मी हळूच म्हटलं, “आक्का, आता तूच घे की मागं. गुंडाळून ठिवूया.”

दाजी ‘छान’ ऐकून बघायचे तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

“मी का म्हणून? मागल्या पाणंदीत मीच घेतल्याली. आता त्येंची पाळी हाय.”