‘हवामान बदल’ या दोन शब्दांनी चुकलेले टेबल

अर्जदार : मराठी माध्यमाच्या एका शाळेतील बाई. सेवानिवृत्ती याच सत्राच्या अखेरीस.
सामनेवाला : कोणी मनुष्य नाही. एक शब्द.
साक्षीदार : चौथीचा वर्ग, पंचनाम्यास आलेले एक साहेब आणि माझी मुलगी.
तारीख : उन्हाळी सुट्टीपूर्वीचा शेवटून दुसरा शनिवार.
लिहिणार : मी, अर्जनवीस, मुक्काम बडोदे.

नावे गाळली आहेत ती विस्मरणाने नव्हे. जेथे माणसाचा दर्जा सांगून भागते तेथे नाव घालून मजकूर जड करू नये, असा माझा दंडक आहे.

आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते. मी कचेरीच्या कुंपणाबाहेर बाकडे टाकून बसतो. शिक्षण नववी पूर्ण, दहावी अपूर्ण. तथापि वकिलीची सनद असलेली माणसेही आपला मसुदा मला एकवार दाखवून घेतात, एवढे येथे नमूद करणे अप्रस्तुत होऊ नये. ‘सबब’ कोठे घालावा आणि ‘तथापि’ कोठे, हे ज्यास उमजते अशी माणसे या शहरात आता थोडीच उरली आहेत.

बाई फतेगंजात आमच्याच गल्लीत राहतात. त्यांची शाळा नदीकाठच्या वस्तीला लागून आहे. तेथे पावसाळ्यात पाणी घरात शिरते आणि वैशाखात पत्र्याखाली बसवत नाही. गेली काही वर्षे शनिवारच्या शेवटच्या तासाला बाई मुलांना हवेविषयी शिकवीत आल्या आहेत. ऊन पूर्वीपेक्षा का वाढले, नदी का फुगते, कोणत्या वेळी घराबाहेर पडू नये, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला पाणी कसे पाजावे, अशा गोष्टी त्यांत येतात. महिन्यातून एकदा त्याच मुलांच्या आयांना वस्तीतल्या ओट्यावर बसवून हेच सांगतात. अभ्यासक्रमात हा विषय अशा रूपाने नसल्यामुळे शाळेत त्याला ‘बाईंचा तास’ म्हणतात, आणि त्या म्हणण्यात थोडी थट्टाही असते.

एका प्रशिक्षणात बाईंच्या कानी आले की शाळांत व वस्त्यांत असे शिक्षण देण्याकरिता सरकारकडे निधी असतो आणि शाळेने मागितल्यास मिळू शकतो. त्या संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

“भाऊ, मी निवृत्त झाले की हा तास माझ्याबरोबर जाईल,” त्या म्हणाल्या. “मंजुरी आली तर तो शाळेचा होईल. नाहीतर एका बाईचा हट्ट होता आणि संपला, असं होईल. अर्ज तुम्हीच लिहा.”

तुम्हीच, हा शब्द त्यांनी उगाच घातला नसावा.

येथील सरकारी कामकाज गुजरातीत चालते. मी विचार मराठीत करतो आणि लेखणी गुजरातीत चालवितो. आजवर या दोहोंत भांडण झालेले नाही. माझ्या धंद्यातला मुख्य नियम असा की, विषय एका ओळीत मावला पाहिजे. कचेरीत अर्ज कोणी आधी वाचीत नाही. विषयाची ओळ पाहून त्याला टेबल दाखवितात. बाईंनी दिलेला मजकूर लांब होता. मी तो आवळला आणि विषय घातला : ‘हवामान बदल शाळा तथा महोल्लाने सहाय मळवा बाबत’. शाळेला आणि मोहल्ल्याला मदत मिळणेबाबत. ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेमकी बसली. मुख्याध्यापकांनी सही केली, बाईंनी स्वतः नेऊन अर्ज दाखल केला, आणि आम्ही वाट पाहू लागलो.

उत्तर आले नाही. साहेब आले.

त्या दिवशी बाईंचा मला फोन आला की ताबडतोब या, काहीतरी निराळेच घडते आहे. मी पोहोचलो तेव्हा एक पोक्त गृहस्थ मापाची फीत घेऊन शाळेभोवती फिरत होते आणि छपराकडे पाहत होते. ते नुकसानीच्या पंचनाम्याचे काम पाहणाऱ्या टेबलाकडून आले होते. बाईंना त्यांनी अत्यंत आदराने विचारले, “बेन, छापरुं तो अकबंध छे. उडी शुं गयुं?”

छप्पर शाबूत होते, काहीच उडाले नव्हते. भिंतही पडली नव्हती. साहेबांनी अर्जाची प्रत काढून विषयाच्या ओळीवर बोट ठेवले. हवामानामुळे मदत मागितली आहे, मग हवामानाने केले काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

याचा उलगडा त्या रात्री माझ्या मुलीने केला. ती मकरपुऱ्यातील एका कंपनीत नोकरीस आहे आणि दिवसभर गुजरातीत बोलते, हे मला फारसे पसंत नाही. ती म्हणाली, “पप्पा, गुजरातीत ‘बदल’ म्हणजे फेरफार नाही. ‘मदद बदल आभार’ लिहितात ना? मदतीबद्दल आभार. तुम्ही लिहिलंत, हवामानाबद्दल मदत द्या. त्यांना वाटलं, वादळ झालं.” आणि तोंडावर ओढणी धरून हसत राहिली.

माझे म्हणणे असे की, शब्द मराठीत शुद्ध आहे. तो सीमेपलीकडे आल्यावर आपला अर्थ सांभाळीत नाही, याला लिहिणारा काय करणार? हे मी तिलाही सांगितले व येथेही सांगतो.

परंतु शाळेत जे घडले ते सांगावयाचे राहिले. साहेब उन्हातून आले होते. बाईंनी त्यांना चौथीच्या वर्गात नेऊन बसविले आणि पाणी दिले. पिंपातले पाणी कोमट होते. त्यांनी पेला अर्ध्यावर ठेवला. मग बाई मुलांकडे वळून म्हणाल्या, “साहेब विचारतायत, हवामानानं काय नुकसान केलं. एकेक जण सांगा.”

मुले सांगू लागली. एकीची आई इमारतीच्या कामावर जाते. दुपारी स्लॅबवर उभे राहवत नाही म्हणून तिचा अर्धा दिवस बुडतो. एकाच्या बापाची पादरा गावाहून विकायला आणलेली भाजी दुपारपर्यंत मान टाकते. पाणी शिरले तेव्हा एकाचे दप्तर माळ्यावर होते म्हणून वाचले, बहिणीचे वाचले नाही. साहेबांना मराठी थोडे कळत असावे, कारण त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि ते लिहू लागले. एक मुलगा म्हणाला, पाण्याबरोबर नदीतली मगर आमच्या ओट्यावर आली होती, तीही लिहा.

“मगरनुं खानुं नथी, बेटा,” साहेब गंभीरपणे म्हणाले. मगरीला रकाना नव्हता. तरी त्यांनी समासात काहीतरी टिपले, हे मी डोळ्यांनी पाहिले.

जाताना त्यांनी बाईंना सांगितले की आपल्या टेबलावरून या शाळेला काही देता येणार नाही, इमारत धड आहे. परंतु पंचनाम्याची एक प्रत त्यांनी दिली. शेऱ्यात लिहिले होते : मकान सलामत, बालकांचे म्हणणे सोबत जोडले आहे. बाई ती प्रत हातात घेऊन मला म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही मला वादळग्रस्त करून ठेवलंत. पण बघा, माझा तास पहिल्यांदा सरकारी कागदावर आला.”

मी दुसरा अर्ज लिहिला. विषयात मुलीने सांगितलेला ‘आबोहवा परिवर्तन’ हा शब्द घातला. ओळ दीड झाली, तरी तशीच राहू दिली. पंचनाम्याची प्रत जोडली. पोच मिळाली. आज शनिवार, बाईंचा शेवटून दुसरा तास होऊन गेला. पुढचा शनिवार त्यांच्या नोकरीतला अखेरचा. मुलांनी आपापले नुकसान फळ्यावर लिहिले होते, ते बाईंनी पुसू दिले नाही.

सबब, हा मजकूर ज्या कोणा अधिकाऱ्याच्या, अथवा त्याच्या ओळखीच्या माणसाच्या वाचनात येईल त्यास नम्र विनंती की, सदर अर्ज या खेपेस योग्य टेबलावर ठेवावा आणि होय किंवा नाही असे लेखी कळवावे. उत्तर बाईंच्या घरी न धाडता शाळेच्याच पत्त्यावर, येत्या शनिवारच्या शेवटच्या तासापूर्वी पोहोचावे. लिफाफा मुलांसमोर उघडण्याचे बाईंनी कबूल केले आहे.