आत्यानं मला मुखत्यार केलं

आत्याची उजवी बाजू गेली, त्या दिवशी दवाखान्यात मला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? मी म्हणाले, भाची. नर्स म्हणाली, भाचीच्या सहीवर होत नाही, जबाबदार माणूस बोलवा. आत्याला मूलबाळ नाही, तिचे मालक, म्हणजे काका, कधीच वारलेले. काकांचा पुतण्या नांदेडला नोकरीला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीनं आला आणि त्यानं सही केली. तोवर आत्या व्हरांड्यातल्या खाटेवर पडून होती आणि मी तिचे तळपाय चोळत बसले होते.

माझे मालक गेल्यापासून मी लातुरात आत्याकडेच राहत होते. आत्या स्वतः सरकारी दवाखान्यात आया होती. एका सहीवाचून माणूस कसा ताटकळतो, हे तिनं नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. घरी आल्यावर चार दिवसांनी ती मला म्हणाली, "तुला मुखत्यार करते. पैशाची बी आन् माझ्या अंगाची बी."

मला धडकीच भरली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. परक्या माणसानं नुसतं नाव विचारलं तरी मला घाम फुटायचा. मी म्हणाले, दादाला कर की. दादा म्हणजे तोच नांदेडचा पुतण्या. पण आत्याचं मन मला ठाऊक होतं. दादा तिला नांदेडला न्यायचं म्हणत होता, पुढच्या महिन्यात खोलीची सोय होते म्हणाला होता. त्याचंही चुकत नव्हतं. त्या वर्षी दुष्काळच तसा होता. आमच्या गल्लीत टँकर येईल तेव्हा येई आणि बायका घागरींवरून एकमेकींचे केस धरत. नांदेडला निदान नळाला पाणी होतं. पण त्याचं घर वर माडीवर, नवराबायको दोघं दिवसभर बाहेर. आत्या म्हणायची, तिथं मी गाठोडं होऊन पडंन. आणि तिच्या वतीनं ठरवायचा हक्क सगळ्यांच्या लेखी त्याचाच होता.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आत्याच्या पेन्शनच्या कामाला पूर्वी उस्मानाबादला जावं लागायचं, आता सगळं लातुरातच होतं. रजिस्ट्री कचेरीबाहेर अर्जनवीस बसायचे. त्यांतल्या एकाला आत्यानं घरी बोलावलं. तो पेन्शन, बँक, कंधारकडचं तिच्या वडिलांनी दिलेलं शेत, असं भराभर लिहीत गेला. मग आत्या म्हणाली, दवाखाना कोणता, राहायचं कुठं, न्हाऊ कुणी घालायचं, हे पण लिहा. त्यानं चष्मा काढला. "बाई, शेत लिहितो, बँक लिहितो. आंघोळ कशी लिहू?"

"जशी घालतेत तशी लिहा," आत्या म्हणाली.

तो हसला आणि त्यानं वेगळं कलम लिहिलं: माझ्या राहण्याचा, औषधपाण्याचा आणि देखभालीचा निर्णय. कायद्यात याला किती वजन आहे ते सांगता येत नाही, असंही तो प्रामाणिकपणे बोलला. माझं नाव त्यानं आत्यालाच विचारलं. कागद वाचून दाखवला, तेव्हा मला काही खटकलं नाही.

आत्यानं मला दादाच्या नावानं पोस्टकार्ड टाकायला लावलं. चोरून करायचं नाही म्हणाली. ठरल्या दिवशी तो आला आणि कचेरीच्या दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. रिक्षातून आत्याला उतरवून आम्ही साहेबांपुढे खुर्चीत बसवलं. साहेबांनी माझं रेशनकार्ड पाहिलं, मग कागद पाहिला. म्हणाले, ही बाई वेगळी आणि ती बाई वेगळी.

लग्नात माझं नाव बदललं होतं, जसं सगळ्यांचंच बदलतात. रेशनकार्डावर सासरचं होतं. आत्यानं मात्र मी परकरात असल्यापासूनचं नाव सांगितलं होतं, तिला दुसरं येतच नव्हतं. ती म्हणाली, दोघी येकच हायत. साहेब म्हणाले, लिहून देणाऱ्याची ओळख चालत नाही, साक्षीदारांना सांगू द्या.

एक साक्षीदार आमच्या गावाकडचे शिंपीकाका. ते म्हणाले, ही आमच्या गावची पोर, दुसरं नाव मी आजच ऐकतोय. दुसरे आमच्या शेजारचे. ते म्हणाले, ही आमच्या गल्लीतली वहिनी, पहिलं नाव मला ठाऊक न्हाई. कारकून हसायला लागले. मला भुई दुभंगावी असं झालं. दोन्ही नावं माहीत असलेला माणूस आणा, साहेब म्हणाले, नाहीतर पुढच्या महिन्यात या.

पुढच्या महिन्यात आत्या नांदेडला असती. आणि दोन्ही नावं माहीत असलेला माणूस कचेरीत एकच होता, दाराशी उभा. तो नुसता गप्प राहिला असता तरी कागद अडला असता. आत्यानं त्याच्याकडे मान वळवली नाही. मीही नाही.

दादा पुढे आला. म्हणाला, "साहेब, हिचं लग्न आमच्याच दारात लागलं. तांदळाचं ताट मी धरलं होतं. नवरदेवानं अंगठीनं हे नाव त्यात लिहिलं, तवापासून ही ह्या नावाची. त्याच्या आधी त्या नावाची. मी सही करतो."

साहेबांनी कागदात 'ऊर्फ' घालायला लावलं. दादानं सही केली. आत्याचा डावा अंगठा मी शाईवर धरला, आणि माझी सही मागितल्याबरोबर केली. अक्षर वाचता येण्यासारखं आलं.

बाहेर आलो तेव्हा ऊन चटके देत होतं, तरी मला अंगावरून गार वारं गेल्यासारखं वाटलं. आता रात्री-अपरात्री काही झालं तर निदान दाखवायला कागद होता. शिंपीकाकांनी चहा सांगितला. मी दोन कप प्याले. पुरुषांच्या समोर हॉटेलात बसून चहा मी त्याआधी कधी घेतला नव्हता.

दादाला परतीची गाडी गाठायची होती. तो आत्याच्या रिक्षाजवळ आला, पण बोलला माझ्याशी. म्हणाला, "काकूला पाऊस पडेपर्यंत चार दिवस नेऊ का? तू म्हणशील तसं."

इतक्या वर्षांत त्यानं मला काही विचारलं नव्हतं. मी मान वर करून म्हणाले, "मला काय विचारता दादा, आत्यालाच विचारा."

तो रिक्षात वाकला. आत्या म्हणाली, "न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "तूच ये रविवारी. तुझ्या बायकोला घेऊन ये. येताना पाण्याचा एक कॅन आण."